मुलीला ‘इंटरनॅशनल’ स्पर्धेला पाठवू का? उदगीरच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं असेल तर सांगा. मुलगी वीस वर्षांची, लातूरला बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला, उंची पाच फूट चार इंच. गॅदरिंगला ‘कॉलेज क्वीन’ झाली, फोटो इन्स्टाग्रामवर पडले आणि आठवड्याच्या आत एका माणसाचा मेसेज आला की एका ‘इंटरनॅशनल’ सौंदर्यस्पर्धेसाठी महाराष्ट्रातून तुमची निवड झाली आहे. जागा पक्की करायला पंचवीस हजार लगेच, आणि पुढं ग्रुमिंग, गाऊन, परदेशातली अंतिम फेरी धरून पावणेतीन लाख. मालकांचं कृषी सेवा केंद्र, निम्मा पैसा उधारीवर गावात फिरतोय. ते म्हणतात, हे आपल्यातलं नाही. 2025च्या मे महिन्यात पोरगी मामाकडं हैदराबादला होती, मिस वर्ल्डच्या मुली चारमिनारला आल्या तेव्हा गर्दीत उभं राहून तिनं त्यांना पाहिलं, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. आता दोन दिवस जेवली नाही, आणि तुम्ही विचारताय की हे खरं असतं का आणि पाठवू का.

त्या माणसाला एक रुपयासुद्धा देऊ नका. पोरीला मात्र लगेच नाही म्हणू नका. या दोन्ही गोष्टी मी एका दमात का सांगतेय, ते समजवायला जरा वेळ लागेल.

मी मूळची क्रीडाशिक्षिका. संभाजीनगरच्या एका शाळेत खो-खो शिकवायचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थिनी आली, म्हणाली, “बाई, मला स्टेजवर नीट चालायला शिकवा.” तिथून हे काम मागं लागलं ते आजपर्यंत. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतल्या मुली माझ्या गच्चीवर चालून गेल्यात. त्यांतल्या एकीलाही मिस इंडियाचा मुकुट मिळालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. काही जणी राज्याच्या फेरीपर्यंत गेल्या, काही मॉडेलिंग करतात, एक हवाई कंपनीत आहे, बऱ्याच जणी नोकरीच्या मुलाखतीत न घाबरता बोलून आल्या. मुकुट मिळवून देतो म्हणणारा मास्तर भेटला तर चहा पिऊन परत या.

आता धंदा कसा चालतो ते. मालकांना हे तुमच्यापेक्षा लवकर कळेल, म्हणून त्यांनाही वाचायला द्या. बियाण्याच्या कंपनीचा बोर्ड दुकानावर लावला म्हणून कुणी डीलर होत नाही, कंपनीचं पत्र लागतं. सौंदर्यस्पर्धांचं अगदी तसंच आहे. मिस वर्ल्ड 1951 साली लंडनमध्ये एरिक मॉर्ले यांनी काढली, आता त्यांच्या पत्नी ज्युलिया मॉर्ले चालवतात. मिस युनिव्हर्स 1952ची, अमेरिकेतल्या लाँग बीचची. तिची जन्मकथा मजेशीर आहे. मिस अमेरिका झालेल्या योलांद बेटबीझनं स्विमसूट घालून मिरवायला साफ नकार दिला, तर कॅटालिना नावाचे स्विमसूट विकणाऱ्या कंपनीनं रागावून आपली वेगळी स्पर्धाच उभी केली. म्हणजे मूळ कारण कपडे विकणं. मिस इंटरनॅशनल 1960पासून, मिस अर्थ 2001पासून, तिचं घर फिलिपिन्स. या चौघींना जगात मोठ्या चार मानतात. त्यांच्यामागे मिस सुप्रानॅशनल, मिस ग्रँड इंटरनॅशनल अशा नंतरच्या, पण खऱ्या स्पर्धा आहेत.

या प्रत्येक संस्थेचा प्रत्येक देशात एकच मान्य आयोजक असतो. त्याच्याकडं लायसन्स असतं, आणि त्या देशाची मुलगी तोच पाठवू शकतो. भारतातून मिस वर्ल्डला मुलगी जाते ती फेमिना मिस इंडियातून. मिस युनिव्हर्सचं बघा, हे लायसन्स कसं हातोहात फिरलंय: 2009पर्यंत तीच मिस इंडिया स्पर्धा, मग तीन वर्षं सुष्मिता सेन यांची ‘आय अ‍ॅम शी’, 2013पासून ‘मिस दिवा’, आणि 2024पासून ग्लॅमानंद नावाची संस्था. डीलरशिप बदलते तशी. त्यामुळं तुमच्या त्या माणसाला एकच गोष्ट विचारायची: तुमच्या स्पर्धेतून निवडलेली मुलगी पुढं कोणत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जाते, आणि त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भारताचे आयोजक म्हणून तुमचं नाव कुठं आहे? उत्तर गोलमोल आलं की फोन ठेवा. ‘आम्हीच इंटरनॅशनल आहोत’ असं उत्तर आलं तर ते कदाचित खरंही असेल. आपल्या स्पर्धेच्या नावात ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘वर्ल्डवाइड’ घालायला कुणाला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी खूण याहून सोपी. ऑडिशन न घेता निवड होत नाही. खऱ्या स्पर्धेत तुम्ही अर्ज करता, ते तुम्हाला शोधत इन्स्टाग्रामवर येत नाहीत, आणि आलेच तर ‘ऑडिशनला या’ म्हणतात, ‘निवड झाली’ म्हणत नाहीत. मिस इंडियात 2017पासून राज्यवार मुली निवडतात, त्यामुळं महाराष्ट्रातून जायचं तर मुंबई-पुण्याच्या मुलींशीच गाठ आहे. त्यांच्या अलीकडच्या अर्जांत किमान उंची पाच फूट तीन इंच मागितलेली आहे, म्हणजे तुमची पोरगी बसते. तरी त्या त्या वर्षीचा अर्ज शब्द न शब्द वाचा, अटी बदलत असतात.

हे मला कुणी शिकवलं? माझ्याच चुकीनं. पंधराएक वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातली एक मुलगी माझ्याकडं होती. चाल सुरेख, उंची चांगली, बोलायला धीट. तिला असंच एक ‘इंटरनॅशनल’चं बोलावणं आलं. वडील विचारायला आले, आणि मी म्हणाले, “जाऊ द्या, अनुभव तर मिळेल.” हे वाक्य मी आजही विसरले नाही. त्यांनी त्या वर्षीच्या कापसाचे सगळे पैसे घातले. मुलगी परदेशातल्या त्या शहरात पोचली तेव्हा अंतिम फेरी एका हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये होती. वेगवेगळ्या देशांचे सॅश, म्हणजे देशाच्या नावाचे खांद्यावरचे पट्टे, घातलेल्या मुलींपैकी निम्म्या त्याच शहरात राहणाऱ्या, कुठं कुठं काम करणाऱ्या. परीक्षक म्हणजे प्रायोजक. आणि प्रत्येकीला मुकुट! कुणाला केसांचा, कुणाला हसण्याचा, कुणाला फोटोचा. आमच्या पोरीला ‘मिस ब्युटिफुल स्किन’. तिनं तो मुकुट घरी आणला, आईनं देव्हाऱ्याशेजारी ठेवला, गावात सत्कार झाला, आणि सहा महिन्यांनी तिला स्वतःलाच उमगलं. माझ्याकडं येऊन ती रडली नाही, फक्त म्हणाली, “बाई, तुम्हाला माहीत होतं का?” मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

बोगस सोयाबीन उगवलं नाही तर शेतकरी रिकामी पिशवी घेऊन तुमच्या दुकानात येऊन भांडतो तरी. इथं हातात पिशवीही राहत नाही. लाज वाटते म्हणून कुणी तक्रार करत नाही, आणि ह्या लोकांचा सगळा धंदा त्या लाजेवर उभा आहे.

असो. आता पोरीकडं येऊ.

तिनं चारमिनारला जे पाहिलं ते स्पर्धेचं बाहेरचं अंग. हैदराबादची ती बहात्तरावी मिस वर्ल्ड. 108 देशांच्या मुली, मे महिन्याच्या सुरुवातीपासून 31 तारखेच्या अंतिम फेरीपर्यंत, तेलंगणाच्या उन्हात. आपल्याकडचंच ऊन ते, नांदेडहून रात्री गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. इतके दिवस रोज सकाळी मेकअप करून, पायात टाचा घालून, ओळखदेख नसलेल्या माणसांशी हसून बोलायचं, आणि कुणाची नजर कधी आपल्यावर आहे ते कळत नाही. लोकांना वाटतं अंतिम रात्री ठरतं. अंतिम रात्रीपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं. मिस वर्ल्डमध्ये अधेमधे वेगळ्या परीक्षा असतात: खेळ, कला, समोरासमोरचं बोलणं, सामाजिक काम. त्यांतली जिंकली की पुढच्या टप्प्यात थेट जागा. खेळाची परीक्षा एस्टोनियाच्या मुलीनं जिंकली, आणि माझ्यासारख्या पी.टी.च्या बाईला त्याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! कलेत इंडोनेशियाची मुलगी पियानो वाजवून पहिली आली. भारताची नंदिनी गुप्ता राजस्थानातल्या कोटा शहराची, दिल्ली-मुंबईची नाही. आणि मुकुट मिळाला थायलंडच्या ओपल सुचाता चुआंगश्रीला. सोळाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली होती, ती काढावी लागली, आणि त्यातून तिनं स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलायला सुरुवात केली होती. हे काम तिनं स्पर्धेसाठी उभं केलं नव्हतं, तिच्या अंगावर आलं होतं.

त्याच स्पर्धेतल्या न आवडलेल्या गोष्टीही सांगते, नाहीतर मी जाहिरात करतेय असं वाटेल. रामप्पा मंदिरात पाहुण्या मुलींच्या पायांवर स्थानिक बायकांनी पाणी घातलं, पाय पुसले, त्यावरून गदारोळ झाला. माझ्याच्यानं तो व्हिडिओ पुरता पाहवला नाही. मिस इंग्लंड अर्ध्यातून परत गेली, तिनं आरोप केले, आयोजकांनी ते नाकारले. या स्पर्धांवर बायकांनीच आक्षेप घेण्याचा इतिहास जुना आहे. 1970 साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये चालू कार्यक्रमात पिठाच्या पुड्या फेकल्या होत्या. 1996ला बंगळूरूला मिस वर्ल्ड झाली तेव्हा इतका विरोध झाला की स्विमसूटची फेरी सेशेल्सला न्यावी लागली. मालक ‘आपल्यातलं नाही’ म्हणतात त्यात काही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. गोऱ्या रंगाचं वेड, वजनाचं वेड, हे सगळं या धंद्यात आहे आणि मी ते जवळून पाहिलंय. उन्हातान्हात वाढलेल्या सावळ्या मुलींना क्रीम लावायला सांगणारे ग्रुमरही पाहिलेत. माझ्याकडं क्रीम नाही, पाणी प्यायला सांगते.

‘आपल्यातलं’ म्हणजे काय, हेही त्यांना एकदा विचारा. 1966ला मिस वर्ल्ड झालेली रीटा फारिया मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी होती, आशियातली पहिली मिस वर्ल्ड. कपडे उसने घेऊन लंडनला गेली होती. वर्षभर ते सगळं करून झाल्यावर सिनेमाच्या वाटेला गेली नाही, डॉक्टर झाली आणि आयर्लंडला स्थायिक झाली. पनवेलच्या डॉ. अदिती गोवित्रीकर त्याच कॉलेजच्या, 2001च्या मिसेस वर्ल्ड. 2017ची मानुषी छिल्लर हरियाणातल्या मेडिकल कॉलेजात शिकत होती. 2021ची मिस युनिव्हर्स हरनाज संधू मूळ गुरदासपूर जिल्ह्यातल्या कोहाली गावची. बी. फार्म सोडायची काहीच गरज नाही. उलट कॉलेज सोडलेल्या मुलीला मी शिकवायलाच घेत नाही.

आता इंग्रजी. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय, ‘तिचं इंग्लिश कच्चं आहे, मराठी मीडियमची आहे.’ मराठवाड्यातून येणारी प्रत्येक आई हे असंच शेवटी आणि हळू आवाजात सांगते. मिस युनिव्हर्स आणि मिस वर्ल्डमध्ये आपल्या भाषेत बोलून दुभाषी वापरता येतो. निकाराग्वाच्या शेनिस पालासिओसनं 2023ला स्पॅनिशमध्ये उत्तर देऊन मिस युनिव्हर्स जिंकली. भारतातल्या फेऱ्यांत मात्र इंग्रजीचा दबदबा आहे, ते नाकारत नाही. पण मी इतक्या मुली पाहिल्या, इंग्रजीमुळं पडलेल्या कमी आणि सांगण्यासारखं काही नसल्यामुळं पडलेल्या जास्त. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला दुसऱ्या वाक्याला कळतं. डोळे वर जातात, आवाज सपाट होतो, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत हात हलवतात तसे हात हलायला लागतात.

म्हणून मी पहिला महिना मराठीतच बोलायला लावते. प्रश्न द्यायचा आणि म्हणायचं, आजीला सांगतेस तसं सांग, पण तीस सेकंदांत. लातूरचीच एक मुलगी होती. तिला विचारलं, तुझ्या मनाजवळचा सामाजिक विषय कोणता? ती म्हणाली, स्त्री-सक्षमीकरण. मी म्हटलं, म्हणजे काय? गप्प. मग मी विचारलं, 2016ला तू कितवीत होतीस? आणि तिला तोंड फुटलं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते वर्ष. टँकरच्या रांगेत घागरी कशा लावल्या, शाळेतून आल्यावर दप्तर टाकून नंबर कसा धरला, आई आंघोळीचं पाणी फरशी पुसायला आणि ते पुन्हा संडासात कसं वापरायची. पंधरा मिनिटं बोलली. त्यातली तीस सेकंदं निवडायला आम्हाला दोन आठवडे लागले, आणि मग त्याचं इंग्रजी करायला एक संध्याकाळ पुरली. सोपं इंग्रजी, लहान वाक्यं. राज्याच्या फेरीत ती मुकुटापर्यंत पोचली नाही, पण एक परीक्षक नंतर येऊन तिच्याशी पाण्यावर अर्धा तास बोलत बसले.

बीडच्या एका मुलीची मावशी ऊसतोडीला जायची. कोयता घेऊन सहा महिने घराबाहेर, आणि त्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण 2019ला गाजलं तेव्हा ही मुलगी बारावीला होती. तिला मी विषय शोधून द्यावा लागला नाही. तुमच्या पोरीकडं काय आहे मला माहीत नाही, पण कृषी सेवा केंद्रात वाढलेली, औषधशास्त्र शिकणारी मुलगी आहे. फवारणीच्या औषधानं विषबाधा झालेला माणूस तिनं जवळून पाहिला असेल. तिला विचारून बघा. एका दिवसात सॅनिटरी पॅड वाटून काढलेले फोटो घेऊन मात्र माझ्याकडं येऊ नका, प्रत्येक स्पर्धेला असे फोटो ढिगानं येतात.

एक जुनी गोष्ट मी सगळ्यांना सांगते. 1992ला बँकॉकला मधू सप्रे मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत होती. आपली मराठी, मैदानावर घाम गाळलेली मुलगी. विचारलं, देशाची प्रमुख झालीस तर आधी काय करशील? ती म्हणाली, खेळाचं मोठं मैदान बांधीन. मुकुट नामिबियाच्या मुलीला गेला आणि लोक आजतागायत म्हणतात की त्या उत्तरानं गेला. गरीब देशात गरिबीवर बोलायला हवं होतं म्हणे. मला विचाराल तर उत्तर खरं होतं, फक्त ‘का’ राहिलं. मैदान नसलं की मुलगी आठवीनंतर घराबाहेर पळायची थांबते, हे एक वाक्य जोडलं असतं तर? माहीत नाही. पण माझ्या मुलींच्या वहीत पहिल्या पानावर ‘का?’ लिहिलेलं असतं ते त्यामुळं. दोन वर्षांनी, 1994ला, सुष्मिता सेन मनिलाला जिंकली. स्त्री असण्याचं सार काय, हा प्रश्न होता. तिनं आई होण्यापासून सुरुवात केली, मग प्रेम आणि वाटून घेणं. साधी वाक्यं होती, पण ती बोलत होती, पाठ म्हणत नव्हती.

चालण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण ते वाचून येत नाही. भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून रोज पाच मिनिटं उभं राहायचं. पहिले पंधरा दिवस अनवाणी. मग दोन इंचांची रुंद टाच, आणि पेन्सिल हिल महिन्याभरानंतर. घरातल्या शहाबादी फरशीवर सराव करू नका, घासून गुळगुळीत झालेली असते, घोटा मुरगळतो. गच्ची चांगली. पाऊल टाचेवर नाही, सगळा तळवा एकदम टाकायचा, नजर समोरच्या टाकीवर. गाऊनचा घेर पायानं हळूच पुढं ढकलत चालायचं असतं, त्यासाठी सरावाला आईचा जुना परकर दोन इंच लांब शिवून घ्या. हसू नका हं, शिंप्याला हसू द्या. आणि पडणं हा त्या कामाचा भाग आहे हे तिला आत्ताच सांगा. 2025च्या नोव्हेंबरात बँकॉकजवळ मिस युनिव्हर्सच्या प्राथमिक फेरीत जमैकाची मुलगी चालता चालता स्टेजवरून खाली पडली आणि तिला रुग्णालयात न्यावं लागलं. स्टेज कुठं संपतं, हे दिवे लागायच्या आधी स्वतःच्या पावलांनी मोजून यायचं, हा माझा नियम.

कपड्यांवर लोक सगळ्यात जास्त पैसा घालवतात आणि तिथंच तो सगळ्यात कमी लागतो. सुष्मितानं मिस इंडियाला घातलेला गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारातून कापड आणून शेजारच्या शिंप्याकडून शिवलेला होता, आणि हातमोजे नव्या पायमोज्यांचे केलेले. तीच ती स्पर्धा, जिथं ऐश्वर्या राय दुसरी आली आणि पुढं त्याच वर्षी मिस वर्ल्ड झाली. आमच्याकडं गाऊन भाड्यानं मिळतात, उदगीरचा चांगला ब्लाउज शिवणारा शिंपीही गाऊनची फिटिंग करू शकतो, त्याला फक्त फोटो आणि वेळ द्या. राष्ट्रीय वेशभूषेच्या फेरीत अलीकडं मुली पाठीवर पंख आणि डोक्यावर मखर घेऊन येतात, चालताना श्वास लागतो. मराठवाड्याच्या मुलीला ते कशाला? पैठण आपलं, हिमरूचं कापड आपलं. पैठणीवरचा मुनिया पोपट आणि आसावलीची वेल कशी विणतात हे हातमागावर जाऊन पाहिलेली मुलगी ती नेसून उभी राहिली तर तिला बोलायलाही विषय मिळतो. नऊवारीचा काष्टा मात्र स्वतः नेसता आला पाहिजे, पिना लावून शिवलेली नको.

स्विमसूटबद्दल घरात आधीच बोलून घ्या, नंतर नाही. मिस वर्ल्डनं 2015पासून ती फेरी काढून टाकली. मिस युनिव्हर्समध्ये अजून आहे. भारतातल्या स्पर्धेत त्या वर्षी आहे का, कशी आहे, चित्रीकरण कुठं जातं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बापाला टीव्हीवर पाहून धक्का बसण्यापेक्षा स्वयंपाकघरात भांडण झालेलं परवडतं. आणि पोरीचं मत ‘नको’ असेल तर तिला त्या वाटेनं ढकलू नका, योलांद बेटबीझचं काही बिघडलं नव्हतं.

सही करायच्या आधी करार वकिलाला दाखवा. लातूरला कोर्टाजवळचा कुठलाही साधा वकील चालेल. त्यात हे बघायचं: किती वर्षं बांधून घेतलंय, बाहेरचं काम केलं तर वाटा किती, फोटोंचे हक्क कुणाचे, प्रवास-राहण्याचा खर्च कोण करतो, मध्येच सोडलं तर दंड काय. जिंकल्यावरही प्रश्न सुटत नाहीत. जालंधरची रेचेल गुप्ता 2024च्या ऑक्टोबरात मिस ग्रँड इंटरनॅशनल झाली, तो मुकुट जिंकणारी पहिली भारतीय. पुढच्या मेमध्ये तिनं तो परत करत असल्याचं जाहीर केलं आणि संस्था म्हणाली, आम्हीच तिला काढलं. खरं-खोटं ते जाणोत, पण करार दोन्ही बाजूंनी तुटू शकतो एवढं त्यातून घ्या.

आणि ऑडिशनला कोणीतरी बरोबर जाईल. तुम्ही, मामा, कुणीही. ‘पालकांना परवानगी नाही’ हे स्टेजच्या आत ठीक आहे, हॉटेलच्या खोलीवर किंवा ‘खासगी फोटोशूट’ला नाही. उलट बोलायला मुलीला शिकवा. आपल्याकडं मुलींना हे शिकवतच नाहीत. 2025ला बँकॉकमध्ये यजमान आयोजकानं सगळ्यांसमोर मेक्सिकोच्या फातिमा बॉशला झापलं, ती उठून बाहेर पडली आणि तिच्यामागं आणखी काही मुली उठल्या. दोन-अडीच आठवड्यांनी मिस युनिव्हर्सचा मुकुट तिच्याच डोक्यावर होता. निकालावर नंतर बरंच उलटसुलट बोललं गेलं, ते असू द्या. दाराकडं चालत जाणारी ती मुलगी मी माझ्या मुलींना मोबाईलवर दाखवली आणि म्हटलं, ही चाल बघा.

तर तुम्ही काय करायचं? त्या माणसाला वरचा प्रश्न विचारा आणि उत्तर पोरीसमोर, स्पीकरवर ऐका. मी सांगून किंवा बापानं ओरडून जे होणार नाही ते त्या दोन मिनिटांत होईल. पावणेतीन लाखांतले वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा, साधे फोटो, एक गाऊन भाड्यानं, मुंबईच्या एका ऑडिशनचा प्रवास एवढ्यात बसतो. तेवढे बुडाले तरी चालतील असं मालक म्हणत असतील तरच. नसतील तर पुढच्या हंगामानंतर बघू, वीस वर्षं म्हणजे वय गेलेलं नाही. मिस युनिव्हर्सनं तर 2024पासून वरची वयोमर्यादाच काढलीय, आणि त्याच्या आदल्या वर्षी लग्न झालेल्या मुलींनाही दार उघडलंय.

माझ्याकडं पाठवायची असेल तर रविवारी सकाळी सातला, उन्हाच्या आत. सपाट सँडल, केस बांधलेले, मेकअप नको, आणि एक वही. तिची सेमिस्टरची परीक्षा कधी आहे ते आधी कळवा. परीक्षेच्या महिन्यात मी गच्ची उघडत नाही.